गणूकाकांची दुसरी फुंकर

गणूकाकांवर लिहिण्याचा हक्क आमच्या घरात सगळ्यात कमी माझा. शेवटचे चार महिने मी त्यांच्याशी धड बोललोही नव्हतो. तरी लिहायला बसलोय, कारण घरातून कॉलेजात गेलेला मी एकटाच, आणि कुणीतरी लिहावं असं काकूंना वाटतं. चुकलं तर त्यांनी आणि वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

ते गेले तेव्हा मी परभणीत, वसतिगृहात होतो. रविवार होता. बोरीहून काकूंचा फोन आला. "काकांच्या छातीत कळ आली रे... ये तू," एवढंच त्या म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती आणि मला पाहून सरकून वाट देत होती. तेव्हा कळलं.

माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, वडील प्यायचेही. म्हणून मी बोरीला, मूलबाळ नसलेल्या काका-काकूंकडे वाढलो. काका जिंतूरच्या एका शाळेची बस चालवायचे. त्यांच्या घरात सुपारीचं खांडही सापडायचं नाही. मला त्या घराचा तेवढाच अभिमान होता, आणि तो पुरेसा होता.

शाळेत रोज सकाळी बस बाहेर काढण्याआधी सगळ्या ड्रायव्हरांना मॅनेजरसमोर दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकावं लागायचं. काका त्या मशीनला फुंकणी म्हणायचे. सुट्टीत एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो. काकांनी गाल फुगवून जोरात फुंकलं तसा मागचा ड्रायव्हर म्हणाला, "गणूभाऊ, दमानं. भाकर करपंल." काका म्हणाले, "तुज्यासारखं वास लपवत फुंकत न्हाई मी." सगळे हसले. मशीनवर शून्य आलं. काकांनी ते मला वळवून दाखवलं, परीक्षेचा निकाल दाखवावा तसं.

यंदा एका सकाळी शून्य आलं नाही. काकांना पंधरा दिवस बस चालवायला बंदी झाली. गावात बातमी काकांच्या आधी पोचली. मी शनिवारी आलो, तेव्हा ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी चपलाही न काढता विचारलं, "काका, पिलात का तुमी?"

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मशीन काय खोटं बोलायलंय का लेका?"

मी ती कबुली समजलो. जेवलो नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. पंधरा दिवसांनी काकांना बस परत मिळाली. पण काही आईबाप लेकराला चढवताना त्यांच्या तोंडाजवळ वाकून रामराम करायचे, असं काकूंनी नंतर सांगितलं. मी फोनवर फक्त काकूंशी बोलायचो. "काकांना देऊ का?" त्या विचारायच्या. मी म्हणायचो, तास आहे.

मग खरोखरच एका तासाला आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी हेच मशीन शिकवलं. फुंकरीतलं अल्कोहोल आतल्या प्लॅटिनमच्या पत्र्यावर पोचलं की तिथं क्रिया होऊन बारीकसा वीजप्रवाह निघतो. जितकं अल्कोहोल तितका प्रवाह, आणि त्याचाच आकडा दिसतो. लांब फुंकायचं ते यासाठी, की फुप्फुसाच्या तळातली हवा रक्तात किती आहे ते सांगते. "पण तोंडात नुकतंच काही घेतलेलं असेल, एखादं औषधही, तर मशीन तेच मोजतं," सर म्हणाले. "म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबवून दुसऱ्यांदा फुंकायला लावायचं. तोंडातलं तोवर उडून जातं. रक्तातलं जात नाही."

काकांना दुसऱ्यांदा फुंकायला कुणी लावलं नव्हतं. त्यांनी मागितलंही नव्हतं... आणि मी विचारलं नव्हतं. शनिवारी जाऊन विचारू, असं ठरवलं. त्या शनिवारी प्रॅक्टिकल होतं, पुढच्या शनिवारी काहीच नव्हतं. तरी गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?

तिसऱ्या रविवारी काकूंचा फोन आला.

तेरावं झालं. त्यानंतर मी काकूंजवळच थांबलो होतो. जिंतूरचे एक म्हातारे आयुर्वेदिक दुकानदार भेटायला आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. त्यांना वाटत होतं, मला सगळं ठाऊक आहे.

"वर्षभर अर्जुनारिष्ट न्यायचे माज्याकडून," ते म्हणाले. "छाती भरून यायची त्यांची. मुरवलेलं औषध ते, थोडी दारू आपसूक बनतीच त्यात. जेवणानंतर पाण्यात घ्या म्हणलं होतं. हे मोटारसायकलच्या डिक्कीत बाटली ठेवून, शाळेच्या फाटकापाशी तसंच तोंडाला लावायचे. एरवी फुंकायचा नंबर यायला येळ लागायचा. त्या दिवशी पहिलाच नंबर लागला. मी म्हणलो, चला, मी येतो शाळेत, औषध हाय म्हणून सांगतो. तर माजे हात धरले त्यांनी. म्हणले, दारू म्हणलं तर पंधरा दिवसांनी गाडी देतील, छातीचं म्हणलं तर कदीच देणार न्हाईत. मी म्हणलो, अन् घरी? तर म्हणले, घरी कुणी इचारलं तर मशीनचंच नाव सांगतो. पोरगं शिकायलंय, त्याला माजी काळजी नको."