अण्णांचा रिपोर्ट

संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की माझे सासरे, म्हणजे अण्णा, शर्टाचं वरचं बटण लावायचे, केसांवरून हात फिरवायचे आणि सासूबाईंच्या फोटोसमोर उभं राहून दिवसाचा रिपोर्ट द्यायचे. एका सरकारी कारखान्यात ते फोरमन होते. तिथे पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला यंत्रांची खबरबात द्यायची आणि मगच घरी जायचं, असा नियम. नोकरी संपली, सासूबाईही गेल्या, पण अण्णांचा नियम काही सुटला नाही.

"आज सगळं नॉर्मल," अशी सुरुवात व्हायची. "पाणी आलं, वरची टाकी फुल्ल. मेधाला स्वल्प सर्दी आहे. औषध घेत नाही, तुझीच लेक. गवार निबर निघाली. मीच आणली होती, म्हणून कुणाला बोललो नाही. जावईबापू दिवसभर घरीच. लिहितायत म्हणाले." इथे थोडं थांबून, "असेलही." मग शेवटी कन्नडमध्ये "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणायचे आणि बटण सोडून आरामखुर्चीत बसायचे.

मेधाची नोकरी बंगळुरात, आणि सासूबाई गेल्यावर अण्णा राजाजीनगरच्या घरात एकटे पडलेले. म्हणून आम्ही तिथेच राहायला गेलो. मी पुण्याच्या एका वर्तमानपत्रात दर रविवारी विनोदी सदर लिहितो, ते कुठूनही लिहिता येतं. मनात मात्र घरजावई म्हणवून घ्यायची धाकधूक होती. अण्णांनी ती पहिल्याच दिवशी ओळखली. "कुणी काही म्हणालं तर सांगा, म्हाताऱ्याला एकट्याला जेवण जात नव्हतं, हात जोडून बोलावलं म्हणून आलो." गल्लीतही त्यांनी स्वतःच तसं सांगून ठेवलं होतं. माझी लाज त्यांनी अशी परस्पर झाकली. मी त्यांची काय झाकली, तेच आता सांगायचं आहे.

विनोदी सदर लिहिणाऱ्याला दर आठवड्याला कुणीतरी लागतं. मला घरात आयतं सापडलं. पडद्याआड उभं राहून मी रिपोर्ट टिपून घ्यायला लागलो. अण्णांना विचारलं होतं, नाही असं नाही. "लिहा की," ते म्हणाले, "तिला आवडायचं तुमचं." छापून आलेलं ते फोनवरून फोटोला वाचूनही दाखवायचे. वाचकांची पत्रं यायला लागली, आणि ती माझ्या लेखणीला आलेली आहेत, असं मी समजून चाललो.

मग एका वाहिनीने त्यावर कौटुंबिक मालिका काढली. विनोदी सदर लिहिणारा नायक, त्याची बायको आणि रोज फोटोला रिपोर्ट देणारा सासरा. नायक माझ्यापेक्षा देखणा होता, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. सासरा तुफान चालला. दोन महिन्यांनी तिथली मंडळी म्हणाली, "सर, आता फोटो उत्तर देऊ दे ना. धमाल येईल." तो प्रसंग मीच लिहिला. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

तो भाग लागणार होता त्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिथल्या मराठी मंडळातली चार माणसं आणि शेजारचं कन्नड जोडपं यांना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. शेजाऱ्यांसाठी ते प्रत्येक वाक्याचं कन्नड करून सांगत होते, आणि विनोद यायच्या आधीच स्वतः हसत होते. पडद्यावरचा सासरा फोटोसमोर उभा राहिला. फोटोतली बाई कर्कश आवाजात ओरडली, "जन्मात एक काम धड केलं नाहीत, आता रिपोर्ट कसले देताय!" मागे रेकॉर्ड केलेल्या हशाचा फवारा उडाला. मंडळातली माणसंही हसली. अण्णांचं कन्नड थांबलं.

"एनु हेळिद्रु, अण्णा?" शेजारीण विचारत होती. काय म्हणाल्या त्या?

"एनिल्ला," अण्णा म्हणाले. काही नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी सगळ्या खुर्च्या जागेवर लावल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती असं कधी बोलली नाही हो."

"अण्णा, मालिका आहे ती," मी म्हणालो.

रिपोर्ट बंद झाला. तो बंद झाल्याचं मला कळलं गुरुवारी, कारण गुरुवारी सदर पाठवायचं असतं आणि माझी वही कोरी होती. इतके दिवस म्हातारा दिवा लागल्यावर नुसता खुर्चीत बसून होता, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी काय करावं? मी विचारलं, "अण्णा, आज रिपोर्ट नाही का?"

ते उठले. बटण लावलं. नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात बोलायला लागले, आणि प्रत्येक वाक्यानंतर फोटोऐवजी माझ्याकडे बघत होते. मध्येच थांबून म्हणाले, "फास्ट होतंय का? लिहून घ्या सावकाश." आणि मी लिहून घेतलं. छापून आलं, गाजलंसुद्धा. मेधाने फोनवर वाचून फोन पालथा ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढे मालिका आपोआप बंद पडली, त्यात माझं पुण्य काही नाही. एकदा धीर करून मी अण्णांची माफी मागितली. "अहो, त्यात काय! कारखान्यात आमची काय कमी टिंगल व्हायची?" म्हणून त्यांनी मलाच कॉफी करून दिली. त्या कॉफीपेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका संध्याकाळी मेधा औषधं आणायला गेली होती. मी दिवा लावला. अण्णांनी मला बसवायला सांगितलं, गळ्याशी हात नेला. मी बटण लावून दिलं आणि खुर्ची ओढून बसलो. ते फोटोकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. शेवटी फार संकोचून म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका. स्वल्प बाहेर थांबता का?"

मी बाहेर गेलो, दार ओढून घेतलं. आतून पुटपुटणं येत होतं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की माझा कान दाराला लागलेला आहे.

चार दिवसांनी अण्णा गेले. आता भिंतीवर दोघांचेही फोटो आहेत. संध्याकाळी दिवा लागला की मेधा त्या खोलीत जाते आणि काहीतरी सांगत असते. अण्णांनी मला बाहेर थांबायची विनंती केली होती. मेधा काही म्हणत नाही, आतून कडी लावून घेते.