शेऱ्यासाठी सादर

पहिल्याच भेटीत वझलवारांनी चहाच्या आधी माझ्या हातात फाइल ठेवली. आत त्यांच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण होतं आणि त्याला टाचलेल्या कागदावर अकरा वाचकांचे शेरे, खाली तारखेसह सह्या. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन चंदीगडजवळच्या मुल्लानपूरच्या नव्या वसाहतीत राहणारा हा नागपूरकर सोळा वर्षं ही एकच कादंबरी लिहीत होता. चंदीगडला बदलून आलेलं प्रत्येक मराठी कुटुंब त्यांच्या तावडीत सापडे, तसा मीही सापडलो.

"वाचकाच्या शेऱ्याबिगर कादंबरी म्हणजे मंजुरीबिगर बांधकाम, बाप्पा," ते म्हणत.

स्वतःचं मत नावाची वस्तू त्यांच्याकडे नव्हती. जो शेरा येईल तो मान्य. मूळ कादंबरी विदर्भात कापूस वेचणाऱ्या एका बाईची होती. कुणा विंग कमांडरांनी 'नायक मवाळ वाटतो' असं लिहिलं, तर पुढच्या मसुद्यात तिचा मास्तर नवरा वैमानिक झाला. रत्नागिरीच्या एका वहिनींना समुद्र हवा होता. समुद्र आला, पण कापूस काढायचा राहिला, आणि बिचारी भर किनाऱ्यावर कापूस वेचत बसली. मी ते तोंडी सांगितलं, तर म्हणाले, "लेखी द्या." जुन्या लोकांची बदली झाली की नवे येत आणि दुरुस्ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होई. सेक्टर चौतीसमधल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करी. माझे पंजाबी सहकारी पोट धरून हसत आणि रोज विचारत, आज नायक कुठल्या पोस्टिंगवर आहे जी?

या माणसाच्या बायकोची मात्र मला कीव येई. कुंदाताईंनी प्रत्येक मसुद्याची पक्की प्रत हाताने काढली होती. वैमानिक, समुद्र, सगळं त्यांनी मुकाट्याने उतरवलं. पुढे त्यांना काचबिंदू झाला. असलेली नजर फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. कादंबरीचा शेवट त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा होता.

वझलवारांनी दोन महिन्यांत शेवटचं प्रकरण लिहिलं, पक्की प्रतही या वेळी स्वतःच काढली. आणि बायकोच्या हातात द्यायचं सोडून ती फाइल घेऊन माझ्याकडे आले. मी चकित होऊन विचारलं, आधी कुंदाताईंना का नाही दाखवली?

"कच्चा मसुदा घरच्यांना दाखवत नसतात. तिनं सोळा वर्षं कच्चंच उतरवलं. आता पक्कं झालेलंच देईन. तुमचा एक शेरा आला की झालं."

इतका मूर्खपणा मी दुसरा पाहिला नाही. याला चांगलं ताटकळत ठेवायचं, असं मी ठरवलं. फाइल टीव्हीखालच्या कप्प्यात टाकली. ते फोन करत. मी काम फार आहे म्हणे. ते म्हणत, काही घाई नाही, रीतसर होऊ द्या. असे तीन महिने गेले. मग माझीच बदली निघाली, तेव्हा सामान बांधताना फाइल हाती लागली आणि ती परत करायला मी मुल्लानपूरला गेलो.

वझलवार बाहेर गेले होते. दार कुंदाताईंनी उघडलं. माझा आवाज ऐकल्यावर त्यांनी ओळखलं. फाइल घेतली, खुर्चीचा हात चाचपून बसल्या, पहिलं पान उघडून डोळ्यांजवळ नेलं, मग खिडकीकडे धरलं आणि फाइल मिटून मांडीवर ठेवली.

"आता नाही दिसत," त्या म्हणाल्या. "आणि हे काही सांगत नाहीत. म्हणतात, शेरा येऊ दे. तुम्ही तर वाचली असेल ना, भाऊ? त्या बाईचं शेवटी काय होतं?"

मी ती उघडलीसुद्धा नव्हती.