वरून तापी कशी दिसते

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या धुडकूची कापड विणायच्या लूमवर अठ्ठावीस वर्षं गेली आणि त्या खडखडाटाने त्याचे कान कधीच खाऊन टाकले. त्याचं काही अडत मात्र नसे. लूमच्या खात्यात सगळेच ओठांवरून बोलणं ओळखतात. चार लूम पलीकडे कुणी शेठला हासडलेली शिवीही धुडकू अचूक टिपायचा.

वेड त्याला एकच. सरकार माणसाला अवकाशात पाठवणार, ही बातमी मोबाइलवर दिसली की ताटातली भाकरी तशीच राहायची. शिरपूरकडचं त्याचं गाव तापीकाठी, सुरतही तापीकाठी. वर गेलेल्या माणसाला दोन्ही एका नजरेत दिसतील, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. गाव सुटल्याचं दुःख त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. ते सगळं या वेडात येऊन साठलं होतं.

अशात त्याच्या धाकट्या लेकीच्या, सुषमाच्या शाळेत वादविवाद स्पर्धा निघाली. विषय नेमका हाच, आणि चिठ्ठीत नववीतल्या पोरीच्या वाट्याला आली विरोधाची बाजू. मग घरीच जुंपली. माणूस पाठवायचा म्हणजे त्याची हवा, पाणी, परतीची सोय, सगळ्याचा खर्च. तेच काम मशीन स्वस्तात करतं, असं ती म्हणे. धुडकूला हे बोलणं ओळखीचं होतं. नवे लूम आणताना शेठही असंच बोलला होता.

“मशीन वर जाई,” तो शेवटी म्हणाला, “पन परत ईसन आपले सांगी का, तठून कसं दिखस?”

सुषमाने वहीत डोकं घातलं.

स्पर्धेच्या दिवशी तो खाडा करून मागच्या बाकावर जाऊन बसला. पोरीचा आवाज आता कसा झालाय, हे त्याला बायकोला विचारावं लागे, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटे. ओठ मात्र स्पष्ट दिसत होते. आधी दवाखाने, आधी शाळा. माणूस नको, यंत्र पाठवा. तिने एकही मुद्दा सोडला नाही. धुडकूने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, मन मात्र खट्टू झालं होतं.

पहिला नंबर तिचाच आला. ढाल हातात घेऊन ती उभी राहिली आणि मागच्या बाकाकडे पाहत, आवाज न काढता, खात्यातल्या माणसांसारखे ओठ रुंद करून आपल्याच भाषणाच्या उलट म्हणाली,

“आबा, मानूस जावालेच जोयजे.”

भरल्या हॉलमध्ये ते एकट्या धुडकूला ऐकू आलं.