कठड्यावरचा तळहात

उधन्याच्या मैदानावर आमच्या कारखान्याचा फुटबॉल संघ खेळतो, तेव्हा आमच्यातले एक काका गोलामागच्या लोखंडी कठड्यावर तळहात ठेवून उभे असतात. जन्म कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. तरी सामन्यानंतर चहाच्या टपरीवर प्रेक्षक किती ओरडले याचा निकाल तेच देतात आणि आम्ही हसतो.

परवा आम्ही हरलो. टपरीवर सगळे हातवारे करत गोलकीपरवर घसरले. काका म्हणाले, "त्याला काय बोलता? एक गोल बसला अन् तुम्हीच गप झाले."

मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही ओरडताना कठडा बडवता. तो हालायचा थांबला."

कोणी हसलं नाही. त्या गोलनंतर त्याच कठड्याला टेकून मी मोबाईल काढला होता.