माहेरी कशानं जाता?

गडबच्या केरूला चौकशीचं व्यसन होतं. तंबाखू त्यानं सोडली, चौकशी काही सुटली नाही. हायवेवरच्या माझ्या दुकानात येऊन बसला, की गिऱ्हाइकांना त्यांच्या वापरातल्या वस्तूंबद्दल विचारत राहायचा. ही छत्री गळते का, ह्या चपलेचा अंगठा कधी तुटला, तो स्टोव्ह भडकतो का. स्वतः मात्र काही विकत घ्यायचा नाही. त्याची बायको पुतळी आमच्या गडबचीच, पलीकडच्या आळीतली. ती म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी एवढं विचारलं, की माझ्या बापाला वाटलं, पोरगा जनगणनेवाला हाय."

चौऱ्याण्णव सालच्या सुमाराला केरूच्या डोक्यात जीप घ्यायचं आलं. तो मिठागरावर मुकादम होता. खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय कामातून जायला लागले होते. नोकरी सोडायची आणि पेण ते रोहा माणसं वाहायची, असा बेत. असली खरेदी जन्मात एकदाच व्हायची. गाडी फसवी निघाली, तर हातची मुकादमीही गेलेली असणार. त्यामुळे गडी चौकशीला लागला तो जेवणखाण विसरून.

त्या वेळी आमच्याकडे गजराज जीपचा भलता बोलबाला. नवरदेव निघायचा तो गजराजमधून, पुढारी उतरायचा तो गजराजमधून. दुसरी गाडी म्हणजे मयूर. तिला लोक पत्र्याचा डबा म्हणायचे.

"डबा म्हणणाऱ्यांतल्या कितीजणांनी ती चालवलीय?" केरूनं मला विचारलं.

"सगळं जग म्हणतं ते काय उगाच?" मी म्हणालो.

"जगाला डिझेल कुठं भरायला लागतं?"

मग आम्ही गाडीमालक शोधत हिंडायला लागलो. एसटीनं जायचो. माझी स्कूटर होती आणि ती अव्वल होती, हे मी आजही सांगेन. पण नेमकी रविवारी तिची तब्येत बरी नसायची. पेणपासून रोह्यापर्यंत जो भेटला तो आपल्या गाडीबद्दल एकच बोलला, एक नंबर. गजराजवाला तेच, मयूरवाला तेच. मला वाटलं, झालं, कुठलीही घ्या.

केरूला मात्र ते पटेना. नागोठण्याच्या स्टँडवर चहा पिताना म्हणाला, "सख्या, एक पण मालक गाडीला नावं ठेवत नाय. मग गॅरेजं कुणाच्या जिवावर चालतात?"

ह्याचं उत्तर रोह्याला मिळालं. तिथं हैबतराव म्हणून बडं प्रस्थ होतं. दारात गजराज, तिच्या पुढच्या काचेला गोंडे. हैबतरावांनी तासभर गाडीचे गोडवे गायले. घाट कसा चढते, चिखलातून कशी निघते, सगळं. आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात त्यांची बायको हौसाबाई चहा घेऊन आली. केरूनं सहज विचारलं, "वैनी, तुमचं माहेर कुठलं?"

"कासू."

"मग माहेरी कशानं जाता?"

"पॅसेंजरनं," ती म्हणाली. "ह्या गाडीनं जाऊन पोचायचं कधी? गेल्या दिवाळीला हिनं नागोठण्यालाच संध्याकाळ केली. ओवाळायचं ताट तसंच मांडीवर."

हैबतराव खाकरले आणि त्यांनी हवापाण्याचा विषय काढला. केरूचा चेहरा मात्र परीक्षेचा पेपर फुटल्यासारखा खुलला. त्यानंतर त्यानं एकाही मालकाला गाडीबद्दल विचारलं नाही. कुणाच्याही ओटीवर बसला, की पाणी घेऊन येणाऱ्या बाईला एवढंच विचारायचा. पेणला जनू मयूरवाल्याची बायको हसून म्हणाली, "ह्याच गाडीनं जाते की. आवाज लय करते, म्हंजे माहेरचे आधीच चुलीवर तांदूळ टाकतात."

केरूनं मयूर घेतली. गावानं व्हायची ती थट्टा केली आणि मीही त्यात मागे राहिलो नाही. गाडी चालली मात्र. त्याच्या प्रश्नाची गोष्ट तर गाडीपेक्षा जोरात धावली. रोह्यापर्यंतच्या बायका हसत एकमेकींना विचारायच्या, "कशानं जातेस गो माहेरी?"

चारेक वर्षांनी कासूचा सुशील नावाचा तरुण केरूकडे आला. कंपनीची नोकरी सुटली होती, लग्न नुकतंच झालेलं. त्यालाही गाडी एकदाच घेता येणार होती. मी ओटीवरच होतो.

"मामा, मयूर कशी हाय?"

"एक नंबर," केरू म्हणाला. "एकदा पण दगा नाय दिला."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात आम्ही दोघांनी ती वडखळच्या नाक्यावरून ढकलत आणली होती. मला आधी हसू आलं, मग त्या पोराची काळजी वाटली.

सुशील मिश्कील हसला आणि त्यानं आत मान वळवली. "मामी, माहेरी कशानं जाता?"

पुतळी दारात आली. "माझं माहेर पलीकडच्या आळीत. चालत जाते."

केरू खुशीत आला. पण ती दारातच उभी राहिली.

"आमची नूतन बाळंतपणाला आली व्हती, तेव्हा पेणच्या दवाखान्यात ह्याच गाडीनं नेली," ती म्हणाली. "नीट पोचली. पण त्या सगळ्या महिन्यात हे रोज पहाटे उठून गाडी सुरू करून बघायचे. आणि पेणच्या जनूला सांगून ठेवलं व्हतं, निरोप आला की तुझी गाडी घेऊन निघ."

केरूनं सुशीलला जवळ बसवलं. गाडी वाईट नाही, म्हणाला, पण पावसात कुरकुरते, क्लचची वायर तुटते, एक जास्तीची जवळ ठेव. मागच्या आठवड्याचं ढकलणंही सांगितलं. केरू कुणाला काही सांगतोय, हे इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच बघत होतो. एरवी तो विचारतच असायचा.

सुशील गेल्यावर केरू बायकोला म्हणाला, "पहाटेचं तुला कसं ठाऊक? तू तर झोपलेली असायचीस."

"नुसती पडून असायची," पुतळी कप उचलत म्हणाली. "गाडी सुरू झालेली ऐकली, की मग माझा डोळा लागायचा."