पिंपाची विजार

शिंप्याने लढाईत एकही गोळी झाडली नव्हती. पलटण माघारी निघाली तेव्हा कात्री तंबूत राहिली म्हणून तो परत फिरला, आणि कात्रीसकट पकडला गेला.

"कात्रीपायी कैदेत आलास, शहाण्या!" बराकीतला त्याचा सोबती, गवंडी, रोज टोमणा मारी. स्वतः कसा सापडला, हे मात्र तो कधी सांगत नसे.

मुख्य पहारेकऱ्याला कैदी 'पिंप' म्हणत, अर्थात तो लांब असताना. रांगेत खोकलं तरी चाबूक. शिंप्याच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यानेच बुटाखाली चिरडली होती. उरलेली आठ वाचली, कारण पिंपाचे कपडे शिवायला दुसरं कोणी नव्हतं.

हिवाळ्यात गवंड्याने तापाने अंथरूण धरलं. कैद्याला दिवसाला पावाचा एक तुकडा. तेवढ्यावर तो तगणार नव्हता. पिंपाच्या ताटात मात्र चार पाव आणि मटण. ती ताटं कैदीच घासत.

दर शनिवारी पिंपाची विजार इस्त्रीला येई. शिंप्याने कमरेची शिवण उसवून अर्धं बोट आत घेतली. पुढच्या शनिवारी आणखी अर्धं.

"आटली का रे ही?"

"छे, साहेब! आपली तब्येत सुधारली आहे."

पिंप हादरला. दुसऱ्या दिवसापासून ताटात तीन पाव उरू लागले आणि घासायच्या आधी गवंड्याच्या पोटात जाऊ लागले.

महिन्याने डॉक्टर वजनकाटा घेऊन आला. संध्याकाळी पिंप विजार नाचवत बराकीत शिरला. शिंप्याने बोटं काखेत दडवली.

"काट्यावर दहा किलो कमी भरलो, आणि ही पोटावर चढत नाही! कोण खोटं बोलतंय?"

"मेलो," गवंडी पांघरुणातून पुटपुटला.

शिंपी पुढे झाला. "साहेब, काट्याला काय कळतंय? त्याने कधी आपली विजार घातली आहे?"

पिंप विचारात पडला. सवय नसल्यामुळे वेळ लागला.

"डॉक्टरच चोर! उद्यापासून मटणालाही शिवणार नाही मी."

उन्हाळ्यात सुटका झाली तेव्हा गवंडी स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर पडला.

आता तो सत्तरीचा आहे आणि चांगलाच सुटलाय. दरवर्षी विजार शिवायला शिंप्याच्या दुकानात येतो. शिंपी टेप लावतो, पण आकडा मोठ्याने वाचत नाही.

"भावोजी, जरा खाणं आवरा," शिंप्याची बायको काज करता करता म्हणते.

"खाऊ दे गं त्याला," शिंपी म्हणतो. "मी सैल करून देईन."