आईविरुद्धची साक्ष

"आपल्या सिस्टरची आई मंगळवारी वारली," पास्टरसाहेब पुढं उभं राहून म्हणाले. "दहा वर्षं तिला सुवार्ता सांगितली. तिनं नाकारली. आत्ता या घडीला ती कुठं आहे?"

सगळं चर्च वळून माझ्याकडं बघायला लागलं.

"सिस्टर, उठा. तुम्हीच सांगा."

मी उठले. आईला मातीत घालून पाच दिवस झाले होते.

"आगीत," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"कायम."

"आमेन म्हणा."

मी आमेन म्हणाले. आणि खाली बसले.

मी बेळगावात एका दवाखान्यात नर्स आहे. डॉक्टर चुकला तर त्याला तोंडावर सांगते. पण त्या दिवशी जीभ माझी नव्हती.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत होती. तोंडाला फडकं बांधून दिवसभर तंबाखू चाळायची. घरी आली की आधी खोकायची, मग बोलायची. आम्ही महारवाड्यातले. तिनं मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं. तिथं पोटभर जेवण होतं, शाळा होती आणि कुणी जात विचारत नव्हतं. म्हणून मला येशू आवडला. खरंच आवडला. अजून आवडतो.

नर्सिंग संपल्यावर मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. आई म्हणाली, "तू जिकडं, मी तिकडं. मीबी घेते." सकाळच्या एसटीनं बेळगावला आली. पिशवीत नवं लुगडं. ऊन लई होतं. आम्ही पास्टरसाहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसलो. आईनं पाणी मागितलं.

त्यांच्या मॅडम तांब्या आणि एक गिलास घेऊन आल्या. त्यांचं घराणं जुनं ख्रिस्ती. पणजोबा वरच्या जातीतले होते, हे त्या दर दोन वाक्यांनी सांगायच्या. गिलास भरून मला दिला. मी पांढऱ्या युनिफॉर्मात होते. आईनं हात पुढं केला तर म्हणाल्या, "ओंजळ करा."

आईनं ओंजळ केली. वरनं धार सोडली त्यांनी. आई वाकून प्याली.

मी गिलासानं प्याले. आणि गप्प बसले.

माझा बाप्तिस्मा झाला. आई मागच्या बाकावर बसून होती. लुगडं पिशवीतनं निघालंच नाही. स्टँडवर मला म्हणाली, "वतायची रीत तीच हाय गं. मग मी कशाला बुडी घेऊ?"

हे मी पास्टरसाहेबांना कधी सांगितलं नाही. दवाखान्यातली नोकरी त्यांच्याच शब्दानं मिळालेली.

उलट पुढची दहा वर्षं मी आईलाच भ्या घातलं. निपाणीला गेले की तेच. "आई, बाप्तिस्मा घे. न्हायतर आगीत जाशील. ती आग कधी इझत न्हाय." एकदा ती कांदा चिरत होती. हात थांबवला.

"तवा तू कुठं असशील?"

"वर. देवाजवळ."

"आनि मी खाली जळताना तू वर गानी म्हनशील व्हय गं?"

रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं. 

शेवटी तंबाखूच्या धुळीनं तिची छाती गेली. मी तिला आमच्याच दवाखान्यात आणलं. नाकाला ऑक्सिजन. पास्टरसाहेब आले, वाकून म्हणाले, "आजी, नुसतं हो म्हणा." तिनं मान हलवली. नाही. माझं बोट धरून ठेवलं. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "तिनं तिचा निर्णय घेतला."

आणि मग तो रविवार.

त्यानंतर मला गॅस पेटवता येईना. निळी ज्योत बघितली की लगेच बटण फिरवून बंद करायचे. आमच्या वॉर्डात एक जळालेला माणूस आला. बायकोला पेटवताना स्वतः पेटला होता. तरी डॉक्टर ओरडले, "आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्या." मीच दिलं. तो कसा वागला हे सुईनं विचारलं नाही. त्याचं कण्हणं थांबलं आणि मला रडू फुटलं. आम्हा माणसांना एवढं कळतं.

महिन्याभरानं वडगावला मांडव घालून मोठी सभा होती. पास्टरसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलं. माझ्या आधी एकजण उभा राहिला. बायकोचा खून करून हिंडलग्याच्या जेलात चौदा वर्षं काढलेला. तिथंच त्यानं बाप्तिस्मा घेतला. तो रडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला माफी मिळाली याचं मला वाईट वाटलं नाही. पण जन्मठेपेलासुद्धा शेवट होता.

"आता दुसरी साक्ष ऐका," साहेब म्हणाले. "जिनं वेळ घालवली, त्या आईच्या लेकीची."

माइक माझ्या हातात आला.

"माझ्या आईनं येशूला नाकारलं न्हाय," मी म्हणाले. "साहेबांच्या घरात मला गिलास दिला. तिला ओंजळीत वरनं पाणी वतलं. तिनं ते नाकारलं. वतनारे मोकळे. बघून गप बसनारी मी, मी बी मोकळी. आनि आग तिला? ती बी कायमची?"

माइक बंद झाला. मी तशीच बोलत राहिले. कीबोर्ड सुरू झाला, गाणं सुरू झालं, माझा आवाज मलाच ऐकू येईना. एका बाईनं दंड धरून खाली बसवलं. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. त्यांना ते पाणी आठवतसुद्धा नव्हतं. तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब दवाखान्याच्या गेटवर आले.

"माफीचं पत्र द्या. नाहीतर मंडळीतून नाव जाईल. आणि मग आईचं जे झालं तेच तुमचं होईल."

"नाव काढा," मी म्हणाले.

नाव काढलं. ते तसेच शिकवत आहेत, लोक तसेच ऐकत आहेत. माझी भीतीही गेलेली नाही. लहानपणापासनं मुरलेली आहे, एका भाषणानं जात नाही. देव आहे, असंच मी मानते. आई कुठं आहे, मला माहीत नाही. ते म्हणतात तसं असलं तर मी तिला तिथनं काढू शकत नाही. माझ्या हातात काही नाही.

एकच आहे. तिच्याविरुद्ध साक्ष मी एकदा दिली. परत देणार नाही. शेवटच्या दिवशी देवानं स्वतः मला उभं करून म्हटलं, तुझ्या आईला झाली ती शिक्षा बरोबर आहे म्हण, तर मी त्याच्या तोंडावर सांगेन.

न्हाय. आनि ती तिकडं असंल, तर मलाबी तिकडंच धाड.